अठरावं उधाण

फोन तापला की तपासणी मध्येच थांबायची, म्हणून आरोग्यसेविका तो ओल्या फडक्यात गुंडाळून आणायची. मिठागरावर झाड नव्हतं. सावली होती ती घरातली, पत्र्याखालची, आणि तीही दहा वाजेपर्यंतच. त्या दिवशी ती साडेआठलाच पोचली. हे तिचं माहेरचं घर. आई, धाकटा भाऊ आणि भावजय इथं राहत. लग्नानंतर ती चार घरं पलीकडे राहायला गेली होती.

"झालं का तुझं आवरून?" तिनं दारातूनच विचारलं. "आज नाही म्हणायचं नाही. तीन महिने झाले यंत्र येऊन. सगळ्या मिठागरातल्या बायकांची पोटं तपासली मी. घरचीच राहिली. लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतात ते ऐकू येतं मला," भावजय म्हणाली. पण चटईवर आडवी झाली.

तिचे तळवे सेविकेच्या बाजूला आले. टाचांच्या भेगांत मीठ बसून त्यांच्या कडा पांढऱ्या, टणक झाल्या होत्या. भावजयीनं पाय ओढून घेतले आणि गुडघे मोडले.

"पाय सरळ कर."

"घाण आहेत, वन्सं."

"माझे काय वेगळे आहेत?"

भावजय तपासायला का तयार नव्हती, ते सेविकेला ठाऊक होतं. मागच्या हंगामात दुसऱ्याच महिन्यात सगळ्यांना सांगून झालं होतं, आणि शेवटी पूर्ण वाढीचं, केस आलेलं मूल निपचित जन्मलं होतं. या खेपेला भावजयीनं कुणाला काही सांगितलं नाही. पोट दिसायला लागलं तेव्हाच लोकांना कळलं.

सेविकेनं पोटावर पातळ चिकट लेप चोळला आणि मुठीएवढं यंत्र टेकवलं. त्याची वायर फोनात जात होती. फोनमधून बाईचा आवाज आला, "कृपया यंत्र हळू सरकवा." मिठागरात या आवाजाला गोडबोली म्हणत.

तीन वेळा वरून खाली, तीन वेळा डावीकडून उजवीकडे. एकूण सहा फेऱ्या. सेविकेला शिकवलेलं तेवढंच, आणि ते ती चोख करायची. पडद्यावर पोटातलं चित्र दिसत नसे. चित्र दिसलं तर लोक भलतंच काही शोधतात, म्हणून ते झाकलेलं होतं. फेरी नीट झाली की एक पट्टी भरायची, घाई झाली तर गोडबोली पुन्हा सरकवायला सांगायची.

सहा पट्ट्या भरल्या. मग प्रश्न आला : शेवटच्या पाळीची तारीख निवडा. खाली महिन्याचे चौकोन.

"शेवटची पाळी कधी आली होती?"

"फाटकाची दोरी तुटली होती ना, त्या उधाणाला."

"तारीख विचारतोय फोन."

"तारीख कुठली सांगू मी? दोरी तुटली, आईंच्या हाताला लागलं, मी फडकं बांधलं. त्या दिवशी."

सेविकेनं चौकोनांकडे पाहिलं. त्यांच्या खाली एक करडं बटण होतं : माहीत नाही. दहातल्या आठ बायकांच्या वेळी ती तेच दाबायची. शिबिरात सांगितलं होतं, तारखेवरून अडून बसू नका. मुलाच्या डोक्याच्या, हाडांच्या मापावरून यंत्र वय काढतं. तिनं बटण दाबलं.

हिरवं वर्तुळ उमटलं. बत्तीस आठवडे. मूल आडवं नाही. वाढ वयाप्रमाणे. पुढची तपासणी चार आठवड्यांनी.

"झालं," सेविका म्हणाली. तिला एकदम हलकं वाटलं. "सगळं ठीक आहे."

"बत्तीस म्हणजे किती?"

"सव्वासात महिने. आठ आठवडे आहेत अजून."

भावजय उठून बसली. पोटावरचा लेप पुसायचा राहिला. "असं कसं? माझे तर दिवस भरत आलेत, वन्सं."

दाराबाहेर भाऊ खोऱ्याचा दांडा ठोकून बसवत होता. तो तिथूनच म्हणाला, "यंत्राला काय पडलंय खोटं बोलायचं? लांबडीच्या पोटात जुळं आहे हे त्यानंच सांगितलं ना? आई एकच म्हणत होती."

लांबडी म्हणजे शेजारची. आई तिचं पोट चाचपून ठामपणे म्हणाली होती, एकच आहे, पाण्यानं पोट मोठं दिसतंय. मग गोडबोलीनं दोन सांगितली आणि दोनच निघाली. तेव्हापासून पाणवठ्यावर बायका आईला हसून विचारायच्या, "म्हातारे, माझ्या हंड्यात किती आहेत गं?"

आई कोपऱ्यात ओलं फडकं दोन्ही हातांनी पिळत बसली होती. तिनं मान वर केली, सुनेकडे पाहिलं आणि परत खाली घातली.

सेविकेनं खात्रीसाठी फितीनं पोट मोजलं. एकतीस सेंटीमीटर. आठवडे आणि सेंटीमीटर साधारण जुळावेत असा नियम होता. जुळले.

"बघ," भाऊ म्हणाला. "आठ आठवडे म्हणजे पाऊस लागल्यावर. हंगाम निघतो आपला." मग आवाज उतरवून बायकोला म्हणाला, "मागचं डोक्यातून काढ आता."

*

दुसऱ्या दिवशी उधाण होतं. अमावास्येला आणि पौर्णिमेला समुद्र नेहमीपेक्षा वर चढतो, तेव्हा फाटक उचलून साठवणीच्या तळ्यात पाणी घ्यायचं, आणि पाणी उतरायच्या आत फाटक बंद करायचं. मग ते पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात सरकत जातं, आटतं, जड होतं, आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरतं. फाटक आईच्या ताब्यात होतं. बावीस वर्षांत तिनं एकही उधाण चुकवलं नव्हतं. पावसाळ्यात मीठ नसलं तरी ते उघडावं लागे, पावसाचं गोडं पाणी ओहोटीबरोबर बाहेर काढायला. फाटकाची जाड फळी उचलायला दोन माणसं लागत. दुसरं माणूस सेविका. भेटींची यादी कितीही लांब असली तरी उधाणाची दुपार ती मोकळी ठेवायची.

बांधावरून जाताना तिला भावजय वाफ्यात दिसली. घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून ती लांब दांड्याच्या फळीनं मीठ ओढत होती. फळी पुढे टाकायची, अंग मागे घ्यायचं, पाण्याखालचं मीठ करकरत कडेला यायचं. पोटामुळे तिला दांडा समोर धरता येत नव्हता. ती अंग वळवून एका बाजूनं ओढत होती. दोन वाफ्यांपलीकडे भाऊ कडेचं मीठ टोपल्यांत भरून ढिगावर नेत होता. पश्चिमेला ढग होते. या दिवसांत नसतात ते. पिकलेल्या मिठावर तासभर पाऊस पडला की पंधरा दिवसांचं काम पाण्यात जातं, म्हणून सगळं मिठागर वाकलेलं होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

"जरा टेक की," सेविका म्हणाली.

"टेकले तर उठवणार कोण? तुमचा भाऊ?" भावजय हसली, पण हात थांबला नाही. थोड्या वेळानं फळीकडे बघतच म्हणाली, "वन्सं, एक विचारू? सातव्या महिन्यात मूल कमी हलतं का?"

"कमी म्हणजे?"

"या बांधापासून त्या बांधापर्यंत एक पट्टा ओढून होईतो आधी दहा-बारा लाथा बसायच्या. मी मोजायची. दुसरं काय करणार इथं? चार दिवसांपूर्वी सहा झाल्या. काल तीन. आज सकाळपासून चार पट्टे ओढले आणि एकदाच हललं. तेही लाथ नाही, कूस बदलल्यासारखं."

सेविका पाण्यात उतरली. चपला काढायच्या राहिल्या. तिनं पोटावर हात ठेवला. पोट उन्हानं तापलेलं आणि कडक होतं. खालून काही आलं नाही. ती मनात साठ मोजेपर्यंत थांबली.

"यंत्र ठीक म्हणालं ना?" भावजयीनं विचारलं. आवाज असा, की तिला हो ऐकायचं होतं.

"मी फाटक उचलून येते," सेविका म्हणाली. "तोवर तू बांधावर बस. तो ओरडला तर माझं नाव सांग."

*

आई फाटकापाशी उकिडवी बसून फळीच्या कडेची चिंधी उपसत होती. फळी आणि दगडी चौकट यांच्यात बोटभर फट होती. दर उधाणाला फाटक बंद केल्यावर त्या फटीत कापडाची लांब चिंधी ठोकून बसवायची, वर चिखल लिंपायचा. पुढच्या उधाणाला ती काढायची आणि नवीन घालायची. काढलेली चिंधी आई टाकत नसे. हंगामाच्या शेवटी बांधाच्या भेगा बुजवायला ती लागे. म्हणून फाटकाशेजारच्या तारेवर चिंध्या ओळीनं वाळत असत, मिठानं ताठ होऊन.

"चल, पाणी चढलं," आई म्हणाली. दोघींनी आकड्यात पहारी घातल्या आणि जोर लावला. फळी हलली, तिच्याखालून पाणी घुसलं आणि तपकिरी फेस काढत तळ्यात शिरलं. आईनं वर आलेली फळी दोरीनं बांधली, मग उपसलेली चिंधी पिळली आणि तारेच्या टोकाला टाकली.

"हिरवी चादर संपली ही," ती म्हणाली. "आता दुसरं काही फाडावं लागणार."

सेविकेनं तारेकडे पाहिलं. उधाणामागून उधाण ती इथं आली होती, आणि चिंध्या म्हणजे चिंध्या, तिनं त्यांच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. उन्हानं जुन्या चिंध्यांचा रंग पिवळट झाला होता, अलीकडच्या अजून हिरव्या होत्या. ओळीच्या सुरुवातीला तीन वेगळ्या, पट्ट्यापट्ट्यांच्या. त्यांच्याआधीच्या मागच्या पावसात बांधाला लागल्या होत्या.

"ही चादर तिची ना? लग्नातली?"

"तिचीच."

"ती तर तिनं फाडून पाळीसाठी घड्या करून ठेवली होती. मीच मदत केली होती फाडायला."

आई पाण्याकडे बघत होती. "हं."

"मग तुझ्याकडे कशी आली?"

"तिनंच आणून दिली. धुतलेली, न वापरलेली, सगळी चळत. म्हणाली, आई, फाटकाला होईल." आईनं बोटानं चौकटीवरचं शेवाळ खरवडलं. "तेव्हाच कळलं मला. बोलले नाही. मागच्या खेपेला मीच गावभर सांगत सुटले होते."

सेविका तारेपाशी गेली. हिरव्या चिंध्या बोटानं मोजल्या. मग उलट्या बाजूनं मोजल्या. दोन्ही वेळा पंधरा.

"आणि दोरी तुटली ते उधाण?"

"त्या दिवशी घातलेली ही," आईनं पट्ट्यांच्या तीन चिंध्यांतली पहिली दाखवली. तिच्यावर डाग होता, तांबूस, मिठानं पक्का झालेला. "माझंच रक्त आहे त्यावर."

पट्ट्यांच्या तीन, हिरव्या पंधरा. एक चिंधी म्हणजे एका उधाणापासून दुसऱ्या उधाणापर्यंतचा काळ. अठरा. दोन उधाणांचा मिळून चंद्राचा एक महिना, साडेएकोणतीस दिवसांचा, असे नऊ. सेविकेनं वहीच्या मागच्या पानावर गुणाकार मांडला. दोनशे सहासष्ट दिवस. भागिले सात. अडतीस आठवडे.

यंत्रानं बत्तीस सांगितलं होतं. फितीनंही जवळपास तेच सांगितलं होतं. सगळं जुळत होतं, आणि आता तिला कळलं की जुळणंच वाईट होतं. यंत्राला मूल बत्तीस आठवड्यांएवढं दिसलं. वय विचारल्यावर तिनं माहीत नाही म्हटलं. म्हणून यंत्रानं आकारावरून वय ठरवलं, आणि मग त्याच वयाला तो आकार बरोबर आहे असं सांगितलं. अडतीस आठवड्यांचं मूल बत्तीस आठवड्यांएवढं असेल तर ते वाढत नव्हतं. आत उपाशी होतं.

"आई, तुला ठाऊक होतं दिवस भरलेत ते?"

"मला मोजता येतं."

"मग काल बोलली का नाहीस?"

आईनं पहार चिखलात उभी केली. "काय बोलू? कुणाच्या हंड्यात किती आहेत ते सांगू?"

सेविकेनं वही मिटली. काल विचारलं होतं तिनंच, सांगितलं होतं भावजयीनं, आणि करडं बटण दाबलं होतं तिच्याच बोटानं. तिनं तारेवरच्या चिंध्या काढायला सुरुवात केली, क्रम न मोडता, एकेक करून हातावर घेत.

"त्या कुठं नेतेस?"

"केंद्रावर."

"परत आण," आई म्हणाली. "बांधाला लागतील."

*

तिनं आधी फोनवर तारीख घालून पाहिली. तपासणी पूर्ण झाली आहे, असं फोननं सांगितलं, दुरुस्ती केंद्रावरूनच. वर्तुळ हिरवंच राहिलं. हिरव्या वर्तुळाला गाडी येत नाही, तांबड्याला येते. आणखी एक वाट होती, तातडीची नोंद उघडून "रक्तस्राव : हो" असं भरायची. पलीकडच्या भागातली एक सेविका तसं करायची आणि तिची गाडी वेळेवर यायची. सेविकेचं बोट त्या ओळीवर थांबलं. मग तिला वाटलं, खोटं भरलं तर तिथले डॉक्टर रक्त शोधतील आणि रक्त नाही म्हणून परत पाठवतील. तिनं फोन फडक्यात गुंडाळला.

मिठाचा ट्रक ढिगापाशी भरत होता. भाऊ टोपली डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढत होता. बांधावर बसलेली भावजय त्याला दिसली होती. त्याच्या चेहऱ्यावरून ते कळत होतं.

"ताई, तूच बसवलंस तिला? आभाळ बघ जरा. दोन वाफे पिकलेत."

"तिला केंद्रावर न्यायचंय. या ट्रकमधून. आत्ता."

"काल तर सगळं ठीक होतं!"

"काल मी चुकले."

"तू चुकलीस की यंत्र चुकलं?"

"मी. त्यानं विचारलं होतं, मी सांगितलं नाही."

त्यानं टोपली ओतली, खाली आला, हात झटकले. हाताची सालं मिठानं सोलली होती आणि तो ती दुसऱ्या हातानं चोळत होता. "आज तिला नेलीस तर मी एकटा. एका माणसानं दोन वाफे ओढून होत नाहीत. पाऊस आला तर पंधरा दिवस गेले आपले. आणि तिथं जाऊन कळलं की सातवाच आहे, तर?"

"तर मला काय हवं ते बोल."

"बोलून मीठ परत येतं का?"

तेवढ्यात आई आली. फाटक उघडं टाकून ती कधी हलत नसे, म्हणून भावानं वळून पाहिलं. तिच्या लुगड्याला मांडीपर्यंत चिखल होता. तिनं वाफ्याच्या कडेला पडलेली सुनेची फळी उचलली आणि पाण्यात उतरली.

"आई, तू काय करतेस?"

"मीठ ओढते. तुला माणूस हवं ना?"

"अगं, पण फाटक..."

"पाणी उतरायला दीड तास आहे. तोवर एक वाफा होतो." तिनं फळी टाकली आणि ओढली. मग मान न वळवता म्हणाली, "नववा भरलाय तिचा. मागचं पोर मी धुतलं होतं. हात-पाय पूर्ण होते त्याचे, नखं होती. ते मला परत धुवायचं नाही."

भाऊ ट्रकवाल्याकडे गेला आणि पुढची जागा मोकळी करायला सांगितली. बायकोला चढवताना त्यानं तिचा पाय स्वतःच्या गुडघ्यावर ठेवून घेतला. तिच्या तळव्याचा चिखल त्याच्या कपड्यावर उमटला.

"पोचल्यावर फोन करा," तो म्हणाला, आणि परत वाफ्याकडे निघाला, जवळजवळ पळतच.

*

केंद्रात खिडकीमागच्या कारकुनानं फोन पाहिला, मग गाठोडं. "बाई, वर्तुळ हिरवं आहे. आणि हे काय? धुणं घेऊन आलात?"

रांगेतली माणसं हसली. भावजयीनं मान खाली घातली. आपलं काय उघड्यावर मांडलं जाणार आहे ते तिला कळलं होतं.

"डॉक्टरांना दाखवायचं आहे," सेविका म्हणाली.

"डॉक्टर काय, धोबी आहेत?"

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि सकाळपासून बसलेल्या नव्हत्या. त्यांनी भावजयीला टेबलावर झोपवलं, पोटावर ठोके ऐकले, घड्याळात बघत बराच वेळ ऐकले. "ठोके आहेत," त्या म्हणाल्या. "पण मूल हलत नाहीये फारसं. बत्तीसला बाहेर काढलं तर त्याची फुप्फुसं कच्ची असतील, ताई. उगाच घाई केली तर आपणच त्याचं नुकसान करू."

"बत्तीस नाही, मॅडम. अडतीस आहेत."

"कशावरून?"

सेविकेनं गाठोडं सोडलं. टेबलावर चिंध्या क्रमानं ठेवल्या. त्यांच्यातून खारा, कुजका वास आला. तिनं फाटक सांगितलं, फट सांगितली, चादर कशासाठी फाडली होती तेही सांगितलं. भावजयीनं भिंतीकडे तोंड केलं होतं.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. पहिली चिंधी उचलून डाग पाहिला. "एखाद्या उधाणाला फाटक उघडलंच नसेल तर?"

"तर एक चिंधी कमी भरली असती. म्हणजे दिवस याहून जास्तच होतील, कमी नाही."

"आणि एका वेळी दोन लागल्या असतील?"

"फट एकच आहे. सगळ्या एका लांबीच्या आहेत, मोजून बघा."

डॉक्टरीणबाईंनी खरंच दोन चिंध्या एकमेकींना लावून पाहिल्या. मग भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेल्या. त्यावर अमावास्येला काळा ठिपका होता, पौर्णिमेला पोकळ. त्या पानं मागे उलटत ठिपके मोजू लागल्या. सतरा, अठरा. काळ्यापासून निघाल्या होत्या, काळ्यावरच थांबल्या.

"पाळी कधी आली होती?" त्यांनी भावजयीला विचारलं, आवाज मुद्दाम साधा ठेवून. "यांचं नका ऐकू. तुम्ही सांगा."

"दोरी तुटली त्या दिवशी," भिंतीकडून उत्तर आलं. "सकाळीच. आईंच्या हाताला मी माझ्याच घडीतलं फडकं बांधलं होतं."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. संगणकावर कालची तपासणी उघडली, करड्या बटणाची खूण काढली आणि तारीख भरली. कालच्याच सहा फेऱ्या, कालचंच मूल. चाक फिरत राहिलं. मग वर्तुळ तांबडं झालं : अडतीस आठवडे. वाढ अत्यंत कमी. तातडीनं मोठ्या रुग्णालयात.

"गाडी काढा," डॉक्टरीणबाई कारकुनाला म्हणाल्या. चिठ्ठी लिहिताना त्या एका जागी अडल्या. तारखेचा आधार, अशी ओळ होती. मग त्यांनी लिहिलं : भरतीचं फाटक, अठरा उधाणं, रुग्णाच्या सांगण्याशी जुळतं.

*

शस्त्रक्रिया संध्याकाळच्या आत झाली. मुलगी झाली. एक हजार सातशे वीस ग्रॅम. कातडी सैल, म्हातारीसारखी, आणि नखं बोटांच्या पुढे आलेली. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. तिला पोसणारी वार वाळलेली, चुन्याचे खडे धरलेली निघाली. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी सेविकेला विचारलं, "वेळेवर कसं कळलं?" तिनं तोंड उघडलं, पण तोवर त्यांना कुणी हाक मारली आणि ते गेले.

त्याच दुपारी मिठागरावर पाऊस आला. चाळीस मिनिटं पडला. आईनं आणि भावानं मिळून एक वाफा उचलला होता. दुसरा गेला.

भावजयीचा मुक्काम लांबला. मुलीला नळीनं दूध द्यायचे, मग थेंबानं. सेविका एक दिवसाआड जायची आणि वजनाचा आकडा घेऊन यायची. वीस ग्रॅम वाढले. दहा कमी झाले. पुन्हा तीस वाढले. भाऊ आकडा ऐकायचा, मान हलवायचा आणि कामाला लागायचा. एकदा त्यानं विचारलं, "तीस ग्रॅम म्हणजे किती असतं?" सेविकेनं कडेचं मूठभर मीठ उचलून थोडं खाली सोडलं आणि उरलेलं त्याच्या तळहातावर ठेवलं. तो ते बराच वेळ धरून उभा राहिला.

या दिवसांत तिनं कामाची पद्धत बदलली. करड्या बटणापाशी आली की ती खाली बसायची आणि तारीख निघेपर्यंत विचारत राहायची. बायका वैतागायच्या. "गोडबोली बरी गं बाई," दारातून ऐकणारी लांबडी म्हणाली, "ती दोन प्रश्नांत सोडते. तू म्हणजे फौजदार!"

पौर्णिमेच्या दुपारी ती फाटकावर गेली तेव्हा आई बांधाच्या भेगेपाशी बसली होती. पावसानं भेग रुंदावली होती आणि तळ्याचं पाणी तिथून बारीक धारेनं पाझरत होतं.

"चिंध्या आणल्यास?" आईनं वर न बघताच विचारलं.

सेविकेनं गाठोडं पुढे केलं. केंद्रानं ते ठेवून घेतलं नव्हतं. त्यांना कागदावर ओळ पुरली होती. आईनं एकेक चिंधी घेतली, तळ्याच्या पाण्यात बुडवून मऊ केली आणि खुंटीनं भेगेत ठोकली. रक्ताच्या डागाचीही गेली. सेविका वरून चिखल लिंपत होती. सतरा चिंध्या गेल्या तेव्हा धार थांबली.

अठरावी उरली, सगळ्यात हिरवी. आईनं ती बाजूला ठेवली. दोघींनी पहारी घालून फळी उचलली, पाणी घेतलं, पाणी थांबेपर्यंत बांधावर बसून राहिल्या, आणि फळी खाली सोडली. मग आईनं ती हिरवी चिंधी पिळून फटीत बसवली आणि मुठीनं ठोकली.

"आज किती भरली?" तिनं विचारलं.

"अठराशे पाच."

"ते तुझं माप." आईनं चिखलाचे हात तळ्यात धुतले. "पोरीला एक उधाण झालं."